‘इतर’ नावाचा कप्पा

भाजीबाजारात उभं राहून मी बायकोला फोनवर लिहून पाठवलं, “कोथिंबीर आणायची का?” पाठवलं मात्र आमच्या दुकानाच्या नंबरावर. चष्मा खिशात होता आणि माझ्या फोनात हे दोन नंबर कायम एकमेकांना खेटून असतात, कारण दिवसभर मला हुकूम याच दोन ठिकाणांहून सुटतात. उत्तर लगेच आलं: “नमस्कार. कोथिंबीर बियाण्याबाबतची आपली चौकशी बियाणे विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.” मी चष्मा शोधतोय तोवर बियाणे विभागातल्या आमच्या जुन्या सहकाऱ्याचा फोन.

“राम राम भाऊ. किती गुंठ्यात टाकायची हाय कोथिंबीर?”

“एक जुडी पाहिजे,” मी म्हणालो.

त्याने आवाज ओळखला. मग, “सायेब, तुमी होय? काय बाप्पा तुमीबी!”

दुसऱ्या दिवशी सगळं दुकान मला गुंठ्यांचा हिशेब विचारत होतं. पण खरं सांगतो, मला लाज वाटली नाही. उलट दुकानाच्या नंबरावर उत्तरं देणाऱ्या त्या यंत्राबद्दल आदरच वाटला. माझा मूर्खपणा इतक्या तत्परतेने योग्य विभागात पोचवणारं मला आजवर दुसरं कोणी भेटलं नव्हतं.

आमचं दुकान म्हणजे बुलढाण्यातलं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं. मालक वेगळे आहेत. ‘आमचं’ म्हणायची सवय पगारी माणसालाच जास्त असते. यंत्र येण्याआधी ते काम मीच करत होतो. काउंटरवर फोन असे आणि फोनच्या मागे मी. कोणी म्हणालं “पानं आकसून राह्यली”, की मी मान मागे वळवून ओरडायचो, “कीड!” कोणी म्हणालं “पावती नाही भेटली”, की “बिल!” आणि कोणी नुसतंच “काय म्हन्ता मंग?” असं म्हणालं, की मी खुर्ची ओढून बसायचो. त्या माणसाचं खरं काम अजून पाच मिनिटं लांब आहे हे मला कळायचं.

मग मालक कुठल्याशा व्यापारी मेळाव्याला गेले आणि तिथून एक सल्लागार घेऊन आले. माझ्याच वयाचा माणूस, केसांना काळा रंग, पायात पांढरे बूट. त्या बुटांनी तो आमच्या खताच्या गोदामात शिरला तेव्हाच मला त्याची कीव यायला हवी होती. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. शेतकऱ्याला तो ‘युजर’ म्हणायचा, त्याच्या प्रश्नाला ‘इंटेंट’ म्हणायचा आणि आम्हाला ‘टीम’ म्हणायचा. गिऱ्हाईक लिहून पाठवो की बोलून पाठवो, भाषा जाणणारं यंत्र ते समजून घेणार, त्याचा विषय ठरवणार आणि त्या विषयाच्या कप्प्यात टाकणार. कप्प्यातून ज्याचं त्याला. याला म्हणायचं वर्कफ्लो. आमच्याकडे याला पाट काढणं म्हणतात आणि पाट काढणारा माणूस निदान पाणी कुठे फुटतं ते बघायला सोबत चालतो.

कप्पे ठरवायला बैठक झाली. तिच्याइतकं कोतं दृश्य मी लग्नाच्या पंगतीतही पाहिलेलं नाही. ज्याला त्याला आपल्या कप्प्यात कमीत कमी येणं हवं होतं. बियाणेवाले म्हणाले, उगवणीचं आमच्याकडे नको. औषधवाले म्हणाले, सल्ला आमच्याकडे नको, फक्त विक्री. बिलवाला तर काहीच नको म्हणाला. शेवटी ज्याला कोणी वाली नाही ते सगळं ‘इतर’ नावाच्या कप्प्यात घालायचं ठरलं.

“आणि ‘इतर’ कोण बघणार?” मी विचारलं.

मालक माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू मी स्वतःसाठी नोकरी मागतोय. “ते पाहाले मानूस ठेवाचा तं मशीन कायले घेतली?”

सल्लागार हसला. ‘इतर’मधल्या प्रत्येकाला आपोआप एक छानसं उत्तर जाईल आणि बोलणं तिथेच पूर्ण होईल, असं त्याने सांगितलं. ते छानसं उत्तर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आमच्या दोन्हीकडच्या सोयऱ्यांत लग्नपत्रिका, घरभरणीची आमंत्रणं आणि निरोप समारंभाची मानपत्रं मीच लिहितो. त्या कामाचा मला गर्व आहे आणि तो गर्व कोणी विचारलं नाही तरी दिसतो. मी लिहिलं: “आपल्या स्नेहपूर्ण शब्दांबद्दल मनःपूर्वक आभार. आपला लोभ असाच वृद्धिंगत होत राहो.” सल्लागाराने ‘वृद्धिंगत’ दोनदा म्हणून पाहिलं. मालकांनी मान डोलावली. मी घरी जाऊन बायकोलाही वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती, तिने सोलणं थांबवलं नाही.

यंत्र मूर्ख होतं असं समजू नका. मूर्ख असतं तर आम्ही पहिल्याच आठवड्यात त्याला ओळखून बाजूला ठेवलं असतं. दुकानातल्या सगळ्यांनी त्याला गोत्यात आणायचा प्रयत्न करून पाहिला. कोणी “मावा पडून राह्यला बे” असं लिहिलं, कोणी हिंदी-मराठीची खिचडी करून बोललं, कोणी ट्रॅक्टरच्या आवाजात बोललं. यंत्राने सगळं समजून घेतलं. पुण्याचे लोक आमचं बोलणं ऐकून ओठ दाबून हसतात, हे निदान हसत नव्हतं. पण समजून घेणं ही एक गोष्ट आणि सांगितल्याबरहुकूम कप्प्यात टाकणं ही दुसरी. एका निरोपाला एकच कप्पा, असा नियम आम्ही त्या बैठकीत केला होता. निरोपात जे जास्त तोच विषय.

आता आमच्याकडे कामाची गोष्ट आधी बोलत नाहीत. घरात शिरल्या शिरल्या हात पसरणाऱ्याला आम्ही अडाणी समजतो. आधी तब्येत, मग पाऊस, मग कोणाच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत त्याचा राग, मग चहा, आणि उठता उठता चपलेत पाय घालताना, “आन् हो...” असं म्हणून जे येतं त्यासाठी माणूस आलेला असतो. वजनाने तोललं तर ती गोष्ट चिमूटभर भरते. हे दुकानातल्या प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक होतं. आणि तरी ‘जे जास्त तोच विषय’ या नियमावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बैठकीत समोसे आले होते.

माझ्या बायकोचा थोरला भाऊ धाड गावात असतो. घरची शेती, त्यात मका आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. माणूस सज्जन, पण एका बाबतीत फार कडक. बहिणीच्या घरचं काही घ्यायचं नाही. आमच्याकडे आला तर पाणीही बहिणीने तीनदा म्हटल्यावर पितो. जावयाला फुकटचा सल्ला विचारणं म्हणजे त्याच्या लेखी बहिणीच्या घरून पायलीभर गहू उचलून नेण्यासारखं. त्यामुळे शेतीचं काही विचारायचं झालं की तो माझ्या फोनवर कधी विचारत नाही. दुकानाच्या नंबरावर विचारतो. तिथे तो गिऱ्हाईक असतो आणि गिऱ्हाइकाने विचारण्यात कमीपणा नाही. पण तिथे जावईच बसतो हेही त्याला ठाऊक, म्हणून घरची विचारपूस त्यालाच जोडून देतो.

श्रावण तोंडावर होता. दुपारचा चहा घेताना मी करमणूक म्हणून ‘इतर’चा कप्पा उघडायचो. वाचायची परवानगी होती, गरज कोणालाच नव्हती. त्यात भावाचा बोलून पाठवलेला निरोप यंत्राने नीट लिहून ठेवलेला दिसला. मी खुशीत वाचायला लागलो.

“राम राम जवाईबापू. तब्येत बरी हाय ना? आमच्या बाईची कंबर कशी हाय? इकडं पानी बरा हाय. राखीले येऊन राह्यले ना? मागल्या साली आले नाही तं माय लय नाराज झालती. एसटीनं या नाही तं गाडीनं या, पन मुक्कामानं या. तुमची वहिनी म्हनून राह्यली का जवाईबापूले कढी-गोळे आवडतात, तं ते करू. तुमच्या शेजारच्यायले राम राम सांगा. आन् हो, पऱ्हाटीवर तुडतुडे हायेत. औषध तुमच्याच इथून आनलं. पंप तोच हाय, मक्यात तनाचं मारलं तो. धुतला हाय एक डाव. चालते ना? बरं, ठेवतो. बाईले सांगा.”

खाली यंत्राचा शेरा: विषय, सण व शुभेच्छा. कप्पा, इतर. उत्तर पाठवले. आणि भावाचं त्यावर उत्तर: “बरं बाप्पा”, पुढे जोडलेले दोन हात. त्यापुढे हिरवा ठिपका आणि शब्द, ‘समाधानी’.

चहा कपातच राहिला. ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मक्यात मारतात ते तणनाशक रुंद पानाचं सगळं जाळतं. मका त्यातून सुटतो, कारण त्याचं पान अरुंद. पऱ्हाटीचं पान रुंद. आणि ते औषध पंपाला असं चिकटून बसतं की एकदा पाणी फिरवून जात नाही. नळीत, टोपणात उरलेलं थोडंसंसुद्धा पऱ्हाटीला पुरतं. ती उभी राहते, पण वेडीवाकडी. काउंटरवर असताना “पंप कोणता?” हे विचारल्याशिवाय आम्ही औषधाची बाटली हातात देत नव्हतो. आता बाटली देणारा नुसती बाटली देतो, कारण सल्ला वेगळ्या कप्प्यात आहे.

मी भावाला फोन लावला. उचलला वहिनीने.

“भाऊ कुठं आहेत?”

“ते तं पंप घेऊन कवाचेच गेले वावरात. फोन घरीच ठेवतात ना, औषधाचे हात लागतात म्हनून. काऊन, काय झालं जवाईबापू?”

“कोणाला तरी पाठवा. फवारणी थांबवायला सांगा.”

“तुमीच तं हो म्हनले!”

“मी?”

“हाव ना. सकाळी आला ना तुमचा जवाब.”

मी गाडी काढली. बुलढाण्याहून धाड काही फार लांब नाही, पण त्या दिवशी प्रत्येक गावात रस्त्यावर बकऱ्या होत्या आणि प्रत्येक बकरीला रस्ता ओलांडायचं की नाही ते ठरवायचं होतं. मी त्यांना उद्देशून जे बोललो ते कुठल्याच कप्प्यात बसणारं नाही.

वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पोचलो तेव्हा भाऊ पंप उतरवून बसला होता. वहिनी माझ्या आधी धावत येऊन पोचली होती आणि तिला अजून नीट श्वास घेता येत नव्हता. अर्धं वावर झालं होतं. ओली पानं उन्हात अशी चमकत होती की कोणालाही पीक झकास आहे असं वाटावं.

“या जवाईबापू,” भाऊ उठून उभा राहिला. त्याही वेळी उभा राहिला. “बसा. पानी घेता?”

“अहो, पंप तोच वापरला?”

“तोच. इचारलं ना तुमाले.”

“मग मी काय म्हणालो?”

“तुमी म्हनले मनःपूर्वक आभार.”

“त्याचा अर्थ हो असा होतो का?”

“मले काय मालूम? म्हनलं, जवाईबापू खुश दिसतात. पंपाचं वावगं असतं तं तुमी बोंबलले असते का नाही? तुमाले मी वळखत नाही का?”

“भाऊ, ते मी नव्हतं लिहिलं. म्हणजे लिहिलं मीच होतं, पण पाठवलं मी नाही. दुकानात यंत्र आहे.”

तो वहिनीकडे वळला. “काय व, हे म्हन्तात यायनं नाही पाठोलं.”

“असं कसं?” वहिनी म्हणाली. “आपल्या पोरीच्या पत्रिकेत हेच तं होतं. लोभ वृद्धिंगत. मी तवाच म्हनलं का असं बोलनारा आपल्या सोयऱ्यात येकच मानूस हाय.”

जगभर लोकांना काळजी लागली आहे म्हणतात, की यंत्र माणसासारखं बोलायला लागलं तर ओळखायचं कसं. आमच्या घरात तो प्रश्न उलट्या बाजूने सुटलेला होता. मी आधीपासूनच तसा बोलत होतो, त्यामुळे यंत्राला काही कष्टच पडले नाहीत.

शेजारच्या वावरातून दुसरा पंप आणला. फवारलेल्या तासांवरून, म्हणजे ओळींवरून साधं पाणी मारत जायचं, जेवढं धुऊन निघेल तेवढं खरं. भाऊ एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने. ऑफिसच्या पँटीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन मी चिखलातून चाललो होतो. पंपाच्या वजनाने मी मागे झुकायचो आणि लाजेने पुढे, एवढ्यावरच माझा तोल टिकून होता. भाऊ मधूनच ओरडायचा, “जवाईबापू, राहू द्या, तुमची कंबर!” तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं. पण जावयावर रागावणं त्याच्या कायद्यात बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांसमोर सगळं मांडलं. सल्लागार पडद्यावर हजर झाला, मागे खोटं पुस्तकांचं कपाट. त्याने निरोप वाचला आणि म्हणाला, “क्लासिफिकेशन तर बरोबरच आहे. मेजर इंटेंट सणाचाच आहे.”

“माणूस पंपाचं विचारतोय.”

“हो, पण शेवटी विचारतोय. युजरला आपण एज्युकेट करू शकतो. महत्त्वाचा मुद्दा आधी मांडा, असा एक मेसेज सगळ्यांना पाठवू.”

म्हणजे गावोगावच्या माणसांनी आपली बोलायची रीत बदलायची, कारण याच्या पाटाला वळण घेता येत नाही. मी म्हणालो, एका निरोपाचे दोन-तीन कप्पे करता येतात की, यंत्राला सगळं कळलेलं आहे, आपणच त्याला एकच निवडायला लावलंय. आणि ‘इतर’ माणसाने वाचायला हवं. यावर सल्लागार खूश झाला. ते येतं म्हणे, वेगळ्या पॅकेजमध्ये.

मालकांनी फक्त एवढंच विचारलं, “गिऱ्हाइकानं तक्रार केली काय?”

“नाही.”

“मंग? समाधानी तं दिसून राह्यला.”

हिरव्या ठिपक्याकडे त्यांनी बोट दाखवलं. भाऊ तक्रार करणार नव्हता, कारण दुकानात जावई बसतो. आणि तक्रार नाही म्हणून दुकानाला काही झालंच नव्हतं. तेव्हापासून ‘इतर’ रोज सकाळी मी वाचतो. मालक म्हणाले, तुमाले हौस असन तं वाचा. सल्लागाराचे पांढरे बूट मात्र पुन्हा आमच्या गोदामात आले नाहीत. तेवढी अक्कल त्या बुटांना होती.

राखीला आम्ही धाडला गेलो. बायकोला मी झालेलं सांगितलं होतं, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे यंत्राचा दोष पुढे आणि माझं उत्तर मागे ठेवून. ती घरात न जाता आधी वावरात गेली. मी मागोमाग. धुऱ्यावरून ते न सांगता दिसत होतं. अर्ध्या वावरात पऱ्हाटी रुंद पानांची, काळीशार, आणि अर्ध्यात पानं बोटांसारखी लांबट, चुरमडलेली, भेंडीची वाटावीत अशी. मधली सीमा दोरी धरून आखल्यासारखी. पाण्याने धुतलेल्या कडेच्या काही तासांना नवी पालवी बरी येत होती. बाकीच्यांचं काही खरं नव्हतं.

भाऊ मागून आला. “काई नाही होत, बाई. जरा आकसली. येते सुधरून.”

“दादा, खरं सांग.”

“खरंच सांगतो. आन् जवाईबापूनं तवा येऊन पंप उचलला, येवढं कोन करते?”

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. घरी येऊन तिने राखी बांधली. नेहमी ती गाठ मारताना काहीतरी खोडी काढते, त्या दिवशी काढली नाही. जेवायला कढी-गोळे होते. वहिनीने मला आग्रह करून वाढले, मी नको नको म्हणत दोनदा घेतले. भावाने पऱ्हाटीचा विषय काढला नाही, दुकानाचाही नाही. मला जाणवलं, तो आता शेतीचं मला कधीच विचारणार नाही. ना फोनवर, ना दुकानाच्या नंबरावर. नुकसान झालं म्हणून नाही. पुन्हा विचारलं तर मला ओशाळं वाटेल म्हणून.

ते माझ्या मनाला लागून राहिलं. घरी आल्यावर कपडे न बदलता मी पलंगावर बसलो आणि फोन काढला. काहीतरी बोलायला हवं होतं, ज्याने वाट पुन्हा मोकळी होईल. मी लिहायला लागलो. चार शब्द झाले, पाचवा सुचेना.

बायको कंबर धरून शेजारी बसली. “काय लिहून राह्यले?”

“भावाला. इतकं केलं त्यांनी, म्हटलं आभार मानावेत.”

तिने माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा लावून ते चार शब्द वाचले आणि एकेक करून पुसून टाकले. मग भावाचा नंबर लावून फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडे घंटी वाजत असताना म्हणाली, “आता त्याले येवढंच इचारा का पंप नवा आनला का नाही. आन् कोनाचे आभार मानत नका जाऊ तुमी. लोकायचं नुकसान होते त्यानं.”